ओरखड्याचं नाव

मागच्या महिन्यात आमच्या बजाजनगरच्या घरी नवा नळ बसवायला प्लंबर आला. सुनेनं चार दुकानं पालथी घालून पसंत केलेला चकचकीत नळ होता. प्लंबरनं पिशवीतून दातेरी पाना काढला आणि थेट नळाच्या मानेला लावला. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यानं दोन पिळे दिलेसुद्धा. नळाच्या मानेवर दातांच्या दोन ओळी उमटल्या, कुत्रं चावल्यासारख्या. मी म्हणालो, "निदान फडकं तरी गुंडाळायचं." तो म्हणाला, "काका, पाणी तर येतंय ना?"

त्याला मी घराबाहेर काढला. सून म्हणाली, "बाबा, एवढं काय झालं? कोण बघतंय नळाची मान?" मी बघतो. मला दुसरं काही येत नाही. दार लागतंय ना, गाडी चालतेय ना, पाणी येतंय ना, असं म्हणत जो तो हात झटकून मोकळा होतो आणि ओरखडा मागं राहतो. हा राग वयामुळे आलेला नाही, तिशीतही एवढाच होता. फक्त तेव्हा त्याचा पगार मिळायचा.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. शेवटची बरीच वर्षं मी मशीन शॉपचा सुपरवायझर होतो. आम्ही काय करायचो ते चार वाक्यांत सांगतो. आमच्याकडे जॉब म्हणजे नोकरी नव्हे. ज्या धातूच्या तुकड्यावर काम चालू आहे तो जॉब. तो मशीनवर पक्का धरणं म्हणजे जॉब बांधणं. कापणारं हत्यार जोरात येतं, त्यामुळे बांधणी ढिली असली तर जॉब निसटतो, माणसाच्या तोंडावरही येऊ शकतो. बांधणी जास्त आवळली तर जॉब चेपतो, नाहीतर त्याच्या अंगावर जबड्यांचे वळ उठतात. आणि खरी पंचाईत पुढंच आहे. बहुतेक जॉब दोनदा बांधावा लागतो. आधी एक बाजू तयार करायची, मग उलटा करून दुसरी. दुसऱ्या वेळी तुम्हाला तो जिथं धरायचा असतो तो भाग आधीच गुळगुळीत, तयार झालेला असतो. म्हणजे ज्या अंगाला हात लावायचा नाही, तेच अंग धरून काम करायचं.

यावर उपाय मऊ जबड्यांचा. मशीनच्या चकला, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीला, तीन जबडे असतात. ते कडक पोलादाचे न घेता मऊ ॲल्युमिनियमचे घ्यायचे आणि मशीनवरच त्यांच्यात जॉबच्या मापाचा गोलावा कापायचा. मग तीन जबडे जॉबला सगळीकडून सारखे कवेत घेतात. दाब एका ठिकाणी पडत नाही, वळ उठत नाही. ऐकायला सोपं वाटतं. गोलावा केसभर चुकला की जबडा नुसत्या कडांवर धरतो आणि सगळं मुसळ केरात.

आमच्याकडे हे जबडे सलीमभाई करायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, राहायला हर्सूलकडं. मी कंपनीत लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मशीनसमोर मला त्यांनीच उभं केलं होतं. पुढं मी डिप्लोमाच्या जोरावर त्यांचा सुपरवायझर झालो, तरी मी त्यांना तुम्ही म्हणायचो आणि ते मला तू. शॉपमध्ये कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

सलीमभाईंचे जबडे कधी टूलच्या पेटीत पडले नाहीत. गुलमंडीच्या बाजारातून ते लहान मुलांचे लोकरी मोजे आणायचे आणि एकेका मोज्यात एकेक जबडा घालून फळीवर मांडून ठेवायचे. नव्या माणसाला वाटायचं, इथं बाळंतविडा विकतात की काय. जबडा लावण्याआधी त्याचा गोलावा ते उघड्या अंगठ्यानं पुसायचे. आम्ही सगळे कापडानं पुसायचो. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कपडा झूठ बोलता रे. कपड्याखाली कण असला तर कपड्याला काय कळतंय? चमडीला कळतंय." त्यांच्या उजव्या अंगठ्यावर बारीक रेघांचं जाळं झालं होतं. कंपनीत हजेरीसाठी बोटाचं मशीन आलं तेव्हा त्यानं त्या अंगठ्याला ओळखच दिली नाही. डाव्या हाताचं बोट नोंदवावं लागलं.

एकदा एक बँडवाला त्यांना शोधत थेट कंपनीच्या गेटवर आला. लग्नसराई तोंडावर, आणि त्याच्या पितळी बाजाचा एक खटका आत अडकून बसलेला. दोन ठिकाणी पकडीनं ओढून त्याचं पार मातेरं करून ठेवलं होतं. बाहेरचं काम आत आणायला परवानगी नाही, म्हणून सलीमभाई जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले आणि चहाच्या टपरीवर बसले. चहावाल्याकडून बाटलीची दोन बुचं घेतली, खिशातल्या चाकूनं मधून कोरली, त्यांच्यात खटका धरला आणि फिरवत फिरवत बाहेर काढला. नवा एक ओरखडा नाही. बँडवाल्यानं तिथंच फुंकून पाहिलं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "सलीमभाई, आता वरात तेवढी काढायची राहिली." अख्ख्या वाळूजमध्ये त्या काळी कुणाचा नाजूक जॉब अडला की म्हणायचे, सलीमला दाखवा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की त्या माणसाचं पुढं काय केलं गेलं ते कळावं. "केलं गेलं" असं मी मुद्दाम लिहिलंय. अशी वाक्यं मला चांगली लिहिता येतात. कसं, ते आता येईल.

आमच्याकडे मोटारसायकलच्या ब्रेकमधला पिस्टन व्हायचा. अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याच्या अंगावर रबरी रिंग बसते आणि ब्रेकचं तेल अडवून धरते. अंगावर केसाएवढी रेघ असली तर तेल झिरपतं आणि एक दिवस ब्रेक दाबला की तो नुसता आत जातो. म्हणून त्या लाइनला सलीमभाई.

त्या वर्षी नवे प्लांट हेड आले होते. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, मशिनांची पूजा होते. आम्ही आदल्या दिवशी मशीन धुऊन पुसून घ्यायचो, झेंडूचा हार, कुंकवाची पाच बोटं, एक नारळ, पेढे आणि घरी. हार दरवर्षी सलीमभाई चढवायचे, कारण त्यांची उंची चांगली आणि मशीनही त्यांचंच. त्या वर्षी मात्र एचआरनं स्पर्धा ठेवली, सर्वांत सुंदर सजवलेलं मशीन. साहेबांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते पूजा आणि वर फोटोग्राफर. एचआरवाल्यांनी रंगीत रांगोळीच्या पिशव्या आणल्या. साधी पांढरी रांगोळी निदान मऊ दगडाची असते. ही रंगीत म्हणजे रंगवलेली बारीक वाळू. वाळू आणि मशीन यांचं नातं काय असतं हे एचआरला ठाऊक नसेल, पण मला होतं.

सलीमभाई माझ्याकडे आले. "भानुदास, जबडे उतरून मोज्यात ठेवतो. पूजा झाली की लावतो."

मी म्हणालो, "राहू द्या हो. फोटोत मशीन बोडकं दिसेल."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

मशीनच्या आत, चकच्या बरोबर खाली, रांगोळीचा मोर काढला गेला. गुलाबी, हिरवा, निळा. बाईंनी चकला कुंकू लावलं, हात जोडले, अगदी मनापासून. मग फोटोग्राफर म्हणाला, चक फिरताना फोटो झकास येईल. मी बटण दाबलं. चक गरगरला, त्याच्या वाऱ्यानं मोर उधळला आणि मशीनच्या आत रंगाचा धुरळा उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला पहिला नंबर मिळाला. मागं उभे असलेले सलीमभाई अंगठा पँटला पुसत होते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीला गेटवर ट्रक उभा. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोनवर फोन. सलीमभाईंनी जबड्यातून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "किरकिर लागायली. उतरून धुवावे लागतील. गोलावा परत एक हात कापावा लागतोय. एक घंटा दे."

मी म्हणालो, "एवढा वेळ नाही. हवा मारा आणि चालू करा."

"हवेनं नाय निघत ते. मऊ आहे, रुतलंय."

"सलीमभाई, मी सांगतोय ना."

त्यांनी हवा मारली आणि मशीन चालू केलं.

इथं बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगतो, कारण हीच कुणाला खरी वाटत नाही. मऊ जबडा ओरखडा पाडत नाही, पण तो कण धरून ठेवतो. कडक पोलादावरून वाळूचा कण घसरून पडतो. मऊ ॲल्युमिनियममध्ये तो रुतून बसतो आणि मग येणाऱ्या प्रत्येक जॉबला टोचतो. म्हणजे जितका मऊ तितका त्याला जास्त जपायचा. पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं सलीमभाईंनीच.

पिस्टन गेले. आमच्याकडे शंभरातले मोजके तपासायचे आणि ते तपासणाऱ्यानं माप बघितलं, अंग बघितलं नाही. गिऱ्हाइकाकडे ब्रेक जोडून चाचणी घेतल्यावर तेल झिरपायला लागलं. नशीब, की ते कारखान्यातच झिरपलं. रस्त्यावर कुणाचा जीव गेला असता तर हा लेख लिहायला मी धजलो नसतो. त्यांची दोन माणसं भिंग घेऊन आमच्याकडे हजर झाली. पिस्टनवर बारीक टोचे आणि रेघा होत्या आणि मधल्या तीन उभ्या पट्ट्या स्वच्छ. तीन जबडे, तीन फटी. कुणालाही कळलं असतं की हे जबड्यांचंच काम आहे.

ते गेल्यावर क्वालिटीच्या साहेबांनी जबडा भिंगाखाली धरला. मी बघितलं, सलीमभाईंनी बघितलं. चांदीसारख्या ॲल्युमिनियमवर गुलाबी आणि हिरवे कण स्वच्छ चमकत होते. मोर ओळखू येत होता म्हणा ना.

क्वालिटीचे साहेब म्हणाले, "आता हे रिपोर्टमध्ये कसं लिहायचं?"

सलीमभाई म्हणाले, "जे दिसायलंय ते लिहा न साहेब."

पण ते कसं लिहिणार? मशीनमध्ये रांगोळी गेली असं लिहिलं की गिऱ्हाईक विचारणार, कुणी टाकली. नोटीस बोर्डावर फोटो लागलेला. त्यात साहेब, बाई, मी आणि उडणारा मोर. सलीमभाईंना बाहेर पाठवलं आणि आम्ही तिघं, प्लांट हेड, क्वालिटी आणि मी, केबिनमध्ये बसलो. तिथं एक वाक्य तयार झालं: "जबड्यांच्या देखभालीत ऑपरेटरकडून निष्काळजीपणा झाल्याने जॉबवर ओरखडे आढळून आले." आढळून आले म्हणे. वाटेत पडलेली कुणाची छत्री सापडावी तसे. इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. त्यात वाळू नाही, मोर नाही, हवा मारा म्हणणारा सुपरवायझर नाही. आहे फक्त ऑपरेटर, म्हणजे ज्या एका माणसानं दोनदा सांगितलं होतं तो.

खाली तीन सह्या. तिसरी माझी.

तेव्हा काय वाटलं? खरं सांगतो. वाटलं, कागद तर आहे, फाइलला लागेल आणि विसरतील. सलीमभाईंना काढत तर नाहीयेत. नोकरी तर राहतेय ना? बघा, माझ्या तोंडी त्या दिवशी कसलं वाक्य आलं होतं.

सलीमभाईंना तेच वाक्य आणि त्याच तीन सह्या असलेला लेखी मेमो मिळाला आणि त्यांची बदली पॅकिंगला झाली. जबडे करणारा माणूस पिस्टन कागदात गुंडाळायला लागला. मोज्यांतले जबडे कुणीतरी पेटीत ओतले. निवृत्तीला त्यांचे आठ महिने उरले होते, ते त्यांनी पॅकिंगच्या टेबलावर काढले. माझ्याशी बोलायचे, चहा प्यायचे, पण मशीनबद्दल एक अक्षर नाही. मी गेलो की प्रत्येक पिस्टन गुंडाळण्याआधी अंगठ्यानं पुसायचे. तिथं त्याची गरज नव्हती.

कागद फाइलला लागला आणि विसरले, इथपर्यंत माझा अंदाज बरोबर निघाला. पण शॉपमधली तोंडं विसरली नाहीत. मेमो बोर्डावर लागला होता. कुणीतरी पहिल्यांदा गंमत म्हणून म्हणालं असेल, "ह्या जॉबवर सलीम आला बघ." मी ऐकलं होतं. दोघातिघांना दटावलं, मग दटावणंही सोडलं. मग मी निवृत्त झालो.

यंदा उन्हाळ्यात आमच्या भाच्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सहज गेलो होतो. तिथं कोमल नावाची मुलगी तपासणीला आहे, डिप्लोमा झालेली, हुशार. एक पॉलिश केलेला जॉब उजेडात फिरवत होती. बाजूला ठेवत भाच्याला म्हणाली, "दादा, हा रिजेक्ट. सलीम आलाय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी विचारलं, "सलीम म्हणजे काय गं?"

"ओरखडा, काका. जबड्याचा ओरखडा असला की सलीम म्हणतात."

"का म्हणतात?"

"माहीत नाय. आधीच्या कंपनीतबी हेच म्हणायचे. सगळीकडं म्हणतात." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "काही चुकलं का माझं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला कुणी शिकवलं तेच ती बोलली. त्या लोकांना दुसऱ्यांनी शिकवलं. आमच्या शॉपची माणसं या कंपनीतून त्या कंपनीत गेली आणि डब्यासोबत हा शब्द घेऊन गेली. उभ्या हयातीत ज्या माणसानं कुठल्या जॉबला नख लागू दिलं नाही, त्याच्या नावानं वाळूजमध्ये रोज तिन्ही पाळ्यांत ओरखडे मोजले जातात. आणि नाव सलीम असल्यामुळे ते अजून लवकर चिकटलं, हेही मला न कळण्याइतका मी भोळा नाही. गोपाळ किंवा विठ्ठल असतं तर हसून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी हर्सूलला गेलो. सलीमभाई अंगणात खुर्ची टाकून बसले होते, बाजूला शेळी बांधलेली. थकलेत. भाभींनी चहा दिला. मी सगळं सांगितलं. केबिन, वाक्य, सही, आणि शेवटी तो शब्द. मला वाटलं होतं, शब्द त्यांना ठाऊक नसेल.

"हौ, मालूम है," ते म्हणाले. "माझा पुतण्या वाळूजलाच हाय. पहिल्या दिवशी कामावरून आला अन् मला विचारतो, चाचा, हे तुम्हीच का? सांग, काय जवाब देऊ त्याला?"

मी हात जोडले. म्हणालो, "सलीमभाई, माफ करा. सही मी केली."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सही तर मला त्याच दिवशी म्हाईत होती. मेमोवर होती न. पण एक सांग भानुदास. सही तू चार लोकांत केली. बोर्डावर लावली. अन् माफी माझ्या अंगणात मागायलास? इथं कोण ऐकायलंय? ही शेळी?"

मी म्हणालो, "मग काय करू?"

"मला काय विचारतो? तू शिकलेला हायस. तुला लिहिता येतं."

भाभी म्हणाल्या, "जाने दो जी, इतने साल हो गए." त्यांनी हातानंच भाभींना गप्प केलं. मला वाटलं होतं ते मोठ्या मनानं माफ करतील, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी काही ठेवला नाही, आणि बरोबर केलं. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाले, "बाईंचं नाव नको लिहूस. त्यांनी श्रद्धेनं केलं होतं. त्यांना काय म्हाईत वाळू कशाला म्हणतात."

म्हणून बाईंचं नाव यात नाही. कंपनीचंही नाही, कारण तिनं केलं तसं करणाऱ्या कंपन्यांची वाळूजला वाण नाही. पण अहवाल मात्र मी दुरुस्त करतोय. फाइल मला आता कुणी उघडू देणार नाही, म्हणून इथं, छापून, चार लोकांत. दिवाळीत हा अंक बजाजनगरच्या वाचनालयात पडलेला असतो, आमच्यातले पुष्कळ लोक तिथं पेपर वाचायला येतात.

अहवाल असा: पूजेच्या दिवशी सलीमभाई जबडे काढून ठेवत होते, भानुदास जगतापनं काढू दिले नाहीत. रांगोळी खाली असताना चक भानुदास जगतापनं फिरवला. जबडे धुवायला सलीमभाईंनी एक तास मागितला, भानुदास जगतापनं दिला नाही. जबड्यात वाळू आहे हे भिंगाखाली बघूनही भानुदास जगतापनं खोट्या कागदावर सही केली. ऑपरेटरचा यात कसलाही दोष नाही.

आणि कोमल, तू हे वाचशील की नाही माहीत नाही, पण भाचा तुला दाखवेल. जबड्याचा ओरखडा दिसला तर ओरखडा म्हण. आणि माणसाचंच नाव द्यायची सवय लागली असेल, तोंडातून जात नसेल, तर उद्यापासून म्हणत जा, ह्या जॉबवर भानुदास आलाय.